कापडापासून सुरुवात: सोलापुरात राहून फॅशन डिझाइन शिकताना

दहावी-बारावी झालेली मुले-मुली पालकांसोबत माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा चित्रांची वही असते. वहीत उंच, सडपातळ आकृत्या असतात, त्यांच्या अंगावर घोळदार झगे असतात आणि आईचा प्रश्न ठरलेला असतो: "हिचा हात चांगला आहे, हिला फॅशन डिझाइनला घालू का?" मी वही बाजूला ठेवते आणि मुलीला तिच्याच अंगावरच्या कुडत्याविषयी विचारते. खांद्याची शिवण नेमकी खांद्यावर आहे की पुढे सरकली आहे, कापड उभे लावले आहे की आडवे, हात वर केल्यावर कुडता कुठे ओढतो, घाम आल्यावर तो पाठीला चिकटतो का? रोज अंगावर असलेल्या वस्तूकडे असे कधी पाहिलेलेच नसते, म्हणून उत्तर येत नाही. शिक्षणाची सुरुवात मी तिथून करते.

कपडा ही वापरायची वस्तू आहे. तो चालणाऱ्या, वाकणाऱ्या, घाम येणाऱ्या शरीरावर दिवसभर राहायचा असतो, कुणीतरी तो ठरावीक वेळात आणि ठरावीक पैशांत शिवायचा असतो, आणि पन्नास वेळा धुऊनही तो घालण्याजोगा उरायचा असतो. या सगळ्या अटी सांभाळून जो आकार सापडतो त्याला मी डिझाइन म्हणते. रंग, नक्षी आणि त्या काळाची आवड त्या आकारातच मिसळलेली असते. त्यामुळे मी शिकवण्याचा क्रम पाहणे, उसवणे, कापड ओळखणे, माप घेणे आणि नमुना शिवणे असा ठेवते, आणि चित्र या प्रत्येक टप्प्यासोबत थोडे थोडे येत जाते. सोलापुरात राहणाऱ्याला हा क्रम विशेष सोयीचा आहे. १८७० च्या दशकात इथे जुनी गिरणी उभी राहिली, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घरोघरी माग बसवले, आणि मोठ्या गिरण्या बंद पडल्या तरी चादर, टॉवेल, साडी आणि आता शालेय गणवेश यांचे काम गावात चालूच राहिले. सुतापासून तयार कपड्यापर्यंतचा सगळा प्रवास रिक्षाने फिरून पाहता येईल अशी गावे फार नाहीत.

पुढे सांगितलेला क्रम रोज दीड-दोन तास दिले तर साधारण एका वर्षात पुरा होतो. साहित्य थोडेच लागते: मापाची टेप, कापडासाठी एक आणि कागदासाठी वेगळी अशा दोन कात्र्या, टाचण्या, खडू, ब्राउन पेपर, इस्त्री आणि साधे पायाचे शिलाई मशीन. कापडाची कात्री कागदावर चालवू नये. तिची धार बोथट होते आणि मग कापड कापले जाण्याऐवजी चावले जाते.

महिनाभर फक्त पाहा

एक कोरी वही घ्या आणि महिनाभर रोज एका माणसाच्या अंगावरचा एक कपडा टिपा. माणूस कोण, तो काय काम करतो, कपडा कोणत्या कापडाचा आहे, तो कशाने बांधला किंवा लावला आहे, कुठे झिजला आहे आणि कुठे ठिगळ लागले आहे, एवढे लिहावे व बाजूला साधे रेखाटन करावे. झीज हा डिझायनरला मिळालेला सर्वांत प्रामाणिक अभिप्राय असतो. खिशाचे तोंड फाटले असेल तर त्या खिशात त्याच्या ताकदीपेक्षा जड काहीतरी रोज जाते. कॉलरची घडी विरली असेल तर तिथे मान आणि घाम यांचे घर्षण आहे. विडी वळणाऱ्या मावशी मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसतात, त्यांच्या साडीचा कोणता भाग आधी विरतो हे त्यांनाच विचारावे, कारण त्यांना ते नेमके ठाऊक असते.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते. सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, आणि ते पेलणारे मानकरी व सोबत चालणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. सोलापूरच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा दुसरीकडे मिळणार नाही. बटण नसलेला, बंदांनी बांधलेला हा अंगरखा नीट पाहा: कोणती बाजू वर येते, बंद छातीवर कुठे आणि बगलेखाली कुठे बांधले आहेत, शिंप्याने बाही सरळ जोडली आहे की बगलेत कापडाचा वेगळा तुकडा घातला आहे. नंदीध्वज पेलताना दोन्ही हातांवर भार येतो, खांदे ताणले जातात, छाती फुगते. त्या क्षणी अंगरखा कमरेपासून किती वर उचलला जातो, हे डोळ्यांनी मोजावे. घरी आल्यावर आरशासमोर उभे राहून आपल्या नेहमीच्या शर्टात हात वर करून पाहावा. शर्ट पँटीबाहेर येईल.

याचे कारण मुंड्यात, म्हणजे बाही अंगाला जिथे जोडतात त्या गोल कापात, आहे. मुंडा सैल म्हणजे खाली उतरलेला असला की हात मोकळा राहील असे वाटते, पण होते उलटे. मुंडा जितका खाली, तितका हात वर करताना बाहीसोबत अंगाचे कापड वर ओढले जाते. मुंडा बगलेच्या जवळ असेल, किंवा बगलेत चौकोनी तुकडा घालून जास्तीचे कापड दिले असेल, तर हात वर गेला तरी कपडा जागेवर राहतो. हे वर्गात फळ्यावर सांगितले तर विसरले जाते, यात्रेत पाहिले की विसरत नाही.

जुना शर्ट उसवा

दुसऱ्या टप्प्यात घरातला पुरुषांचा एक जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्यावा आणि तो टाकेन् टाका उसवावा. कापू नये. उसवण्यापूर्वी त्याचे पुढून, मागून आणि आतून छायाचित्र काढावे, प्रत्येक भागावर खडूने क्रमांक घालावा, आणि कोणती शिवण कोणत्या शिवणीवरून गेली आहे ते लिहीत जावे. जी शिवण सर्वांत वर असते ती सर्वांत शेवटी घातलेली असते; त्यामुळे उसवण्याचा क्रम उलटा वाचला की शिवण्याचा क्रम हाती लागतो. कॉलर म्हणजे एकच पट्टी नसते. तिच्यात उभी पट्टी आणि वर मुडपणारे पान असे दोन भाग असतात, दोन्ही दुहेरी असतात आणि आत बकरम, म्हणजे ताठ अस्तर असते. खांद्याच्या मागे योक, म्हणजे पाठीवरची आडवी पट्टी असते, कफ असतात, बाहीच्या चिरेला दोन्ही बाजूंनी पट्ट्या असतात.

सगळे तुकडे सुटे झाले की धुऊन इस्त्री करावेत आणि ब्राउन पेपरवर ठेवून त्यांची कड गिरवावी. प्रत्येक तुकड्यावर उभ्या धाग्याची दिशा बाणाने दाखवावी. इथे बहुतेकांना पहिला धक्का बसतो, कारण सपाट ठेवलेली बाही हातासारखी दिसत नाही, तिचे वरचे टोक डोंगरासारखे गोल असते. आणि त्या गोलाची लांबी मुंड्याच्या लांबीपेक्षा थोडी जास्तही भरू शकते. टेप उभी धरून दोन्ही मोजा. जास्तीचे ते अर्धा-पाऊण इंच कापड शिवताना मुंड्यात मुरवले जाते आणि त्यामुळे खांद्याला गोलाई येते. सपाट कापडाला गोल करण्याच्या युक्त्या मोजक्याच आहेत: टक्स (कापड चिमटून शिवलेली निमुळती घडी), चुणी, मुरवणे, कळी घालणे, वळणदार शिवण आणि उरेब, म्हणजे तिरके कापलेले कापड. उसवलेल्या शर्टात, आणि त्यानंतर आईच्या जुन्या ब्लाउजात, यांतल्या किती सापडतात ते शोधावे. ब्लाउज शर्टापेक्षा अवघड असतो, म्हणून तो दुसरा घ्यायचा.

शर्ट पुन्हा शिवून पाहा असे मी आवर्जून सांगते. तो पूर्वीसारखा होत नाही, पण ज्या शिवणीपाशी तुम्ही अडता तीच तुमच्या पुढच्या महिन्याची तालीम असते.

कापड ओळखणे

फॅशनच्या अभ्यासक्रमात कापडाचा विषय पाठ करून उरकला जातो, याची मला खंत वाटते, कारण निम्मे डिझाइन कापडच ठरवते. कापडाचे उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. मागावर ताणा ताणलेला राहतो, म्हणून विणलेले कापड उभ्या दिशेने कमी ताणले जाते, आडव्या दिशेने थोडे अधिक, आणि तिरके, म्हणजे ४५ अंशांत ओढले तर सर्वांत जास्त. या तिरक्या दिशेलाच शिंपी उरेब म्हणतात. मांजरपाटाचे, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचे, बारा-बारा इंचांचे दोन चौकोन कापा, एक सरळ धाग्यावर आणि एक उरेबवर. दोन्ही चिमट्याने रात्रभर टांगून ठेवा आणि सकाळी मोजा. उरेब तुकडा लांबलेला आणि अरुंद झालेला दिसेल. उरेब घेराचा परकर शिवून लगेच खालची पट्टी दुमडली तर काही दिवसांत त्याची कड वरखाली का होते, हे या एका प्रयोगातून कळते. असा घेर एक दिवस टांगून ठेवावा, लोंबायचे तेवढे लोंबू द्यावे आणि मगच कड कापून दुमडावी.

त्यानंतर विणीचे तीन मूळ प्रकार हाताने ओळखायला शिकावे. साध्या विणीत धागा एकाआड एक जातो. पॉपलीन आणि मांजरपाट यांत ती दिसते. ट्विलमध्ये तिरक्या रेषा उमटतात, जसे जीन्सच्या कापडात. सॅटिनमध्ये धागे लांबवर तरंगत राहतात, त्यामुळे चमक येते आणि तेच धागे नखाला अडकतातही. एक भिंग घेऊन दहा कापडांचे तुकडे वहीत चिकटवावेत, प्रत्येकाशेजारी वीण काढावी आणि एका इंचात उभे-आडवे किती धागे येतात ते मोजून लिहावे.

आता पूर्व भागात किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत ओळखीने एखादा कारखाना पाहायला जावे. आधी विचारून जावे, दुपारच्या सुट्टीच्या वेळी बोलावे, आणि मालकाच्या परवानगीविना नक्षीचे छायाचित्र काढू नये, कारण नक्षी हेच त्यांचे भांडवल असते. मागावरच्या अण्णांना विचारले तर ते हातातले काम सांभाळत सगळे दाखवतात. सोलापुरी चादरीवरचा मोर जेकार्डच्या यंत्रणेने विणला जातो. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जाकार याने १९ व्या शतकाच्या आरंभी ही यंत्रणा रूढ केली. पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोके पाडलेली असतात. भोक असेल तिथे तो धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. म्हणजे नक्षी कापडावर काढलेली नसते, ती धाग्यांच्या उचलण्या-बसण्याचा हिशेब असते. चादर उलटी केली की तोच मोर रंगांची अदलाबदल होऊन दिसतो. टेरी टॉवेलमध्ये दोन ताणे असतात, एक घट्ट आणि एक सैल, आणि सैल ताण्याचे फासे वर राहतात म्हणून टॉवेल पाणी शोषतो. या दोन्ही वस्तूंना भौगोलिक मानांकन आहे, हे गावात सर्वांना ठाऊक असते. पण त्यांची वीण डिझाइनच्या विद्यार्थ्याने हाताने समजून घेतली पाहिजे. इरकल साडीच्या पारंपरिक विणीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात व फासे अडकवून एकमेकांना जोडलेले असतात. आजीची इरकल असेल तर तो सांधा पदराच्या आरंभी बोटाने चाचपून पाहावा.

चादरीचे जाकीट शिवण्याचा मोह इथे प्रत्येक विद्यार्थ्याला होतो आणि तो मी अडवत नाही. मात्र त्या जाडीचे कापड शिवणीत चार पदरी झाले की मशीनची सुई अडते, कॉलर फुगते आणि बगलेत गाठ होते. अशा वेळी शिवणी कमी ठेवाव्यात, कडा आत न दुमडता उरेब पट्टीने बांधाव्यात, आणि मोर नेमका पाठीच्या मध्यावर येईल अशा बेताने कापड मांडावे. त्यासाठी कापड जास्त लागते. ते किती, हे आधी कागदावर मोजावे.

दोन चाचण्या कापडाच्या प्रत्येक खरेदीनंतर कराव्यात. पहिली जाळण्याची: दोन-चार धागे चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कठीण मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा मिसळून दिसतात. दुसरी चाचणी आटण्याची: कापडावर १० इंच बाय १० इंचांचा चौकोन पक्क्या शाईने आखावा, घरी धुतात तसे धुऊन, वाळवून, इस्त्री करून मोजावा. साडेनऊ इंच भरला तर कापड ५ टक्के आटले. ही चाचणी मी माझ्या कामाच्या पहिल्या वर्षांत एकदा गाळली होती. चाळीस पिनोफ्रॉक शिवून गेले, पहिल्या धुण्यात ३० इंच लांबीचे फ्रॉक दीड इंच आखूड झाले, आणि गुडघ्याच्या वर गेलेले ते गणवेश मुलींनी वर्षभर ओढत ओढत घातले. पैसे परत करता आले, ते वर्ष परत देता आले नाही. तेव्हापासून कापडाचा तुकडा धुतल्याशिवाय मी कात्री उचलत नाही.

अंगाचे माप आणि कापडाचा आकार

माप घेताना माणसाला सैल आणि सरळ उभे करावे, श्वास रोखू देऊ नये, आणि टेपखाली एक बोट ठेवावे. अंगाचे माप आणि कपड्याचे माप यांतला फरक म्हणजे सैलपणा, आणि डिझाइनचा मोठा भाग या फरकात आहे. समजा छाती ३६ इंच आहे आणि कुडत्याला ४ इंच सैलपणा हवा आहे. एकूण ४० झाले, त्याचा चौथा भाग १० इंच, आणि शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले जास्तीचे कापड, वेगळी. कंबर ३० असेल आणि तिथेही ४ इंच सैलपणा ठेवला तर ३४ होतात. छाती-कमरेतले उरलेले ६ इंच बाजूच्या शिवणींत किती घालायचे आणि टक्समध्ये किती, की मुळीच न घालता कुडता सरळ पडू द्यायचा, हा निर्णय तुमचा. तिथे कपड्याचे रूप ठरते. माया किती ठेवायची यातही समज लागते: आपल्याकडे ब्लाउजाच्या बाजूला भरपूर माया ठेवतात, कारण अंग बदलते आणि ब्लाउज अनेक वर्षे घालायचा असतो. मी ही पद्धत फार मोलाची मानते.

पहिला नमुना नेहमी मांजरपाटाचा शिवावा. तो अंगावर घालून सुरकुत्या वाचाव्यात. तिरपी सुरकुती ज्या जागेपासून निघते तिथे बहुधा कापड कमी पडलेले असते. उभ्या सैल घड्या पडल्या तर रुंदी जास्त आहे. मानेखाली पाठीवर आडवा फुगवटा आला तर तिथे लांबी जास्त आहे. जास्तीचे कापड टाचणीने धरावे, कमी असेल तिथे उभे चिरून खाली दुसरा तुकडा लावावा, आणि सगळे बदल परत कागदावर न्यावेत. एका कपड्याला असे तीन नमुने लागले तरी निराश होऊ नये.

कापड वाचवायचे असेल तर अर्ध्या मापाची बाहुली वापरावी. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी झाली की कापड चौथा हिस्साच लागते. पॅरिसमधल्या मादलेन व्हियोने या उरेब कापडाच्या असामान्य जाणकार होत्या, आणि त्या आपले आकार एका लहान लाकडी बाहुलीवर कापड लपेटूनच शोधत असत. आपल्याकडे तर लपेटण्याची परंपरा घरातच आहे. आजीला किंवा शेजारच्या काकूंना विनंती करून नऊवारी नेसायला शिका, आणि नेसताना प्रत्येक टप्प्यावर थांबून टाचणीने खुणा करा: कमरेभोवती किती कापड गेले, निऱ्यांत किती, काष्ट्यात किती, पदराला किती. नंतर साडी जमिनीवर अंथरून त्या खुणांमधली अंतरे मोजा. एकही कातर न लावता, एकही शिवण न घालता दोन पायांचा कपडा कसा होतो, याचा तो नकाशा असतो, आणि शिवलेल्या तयार नऊवारीत नेमके काय हरवते तेही त्या नकाशावरून कळते.

इतिहास किती वाचावा

सालांची यादी पाठ करण्याऐवजी प्रत्येक डिझायनरने कोणता प्रश्न सोडवला ते शोधावे. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःची पेढी काढली आणि गिऱ्हाइकाने सांगितले तसे शिवण्याऐवजी आपले नमुने गिऱ्हाइकापुढे मांडले. शिंपी आणि डिझायनर यांच्यातली रेषा तिथे स्पष्ट झाली. कोको शनेल यांनी तोवर आतल्या कपड्यांसाठी वापरले जाणारे जर्सी कापड बाहेरच्या पोशाखाला लावले, म्हणजे त्यांचा शोध कापडाच्या निवडीत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडावर रेशन होते, आणि १२ फेब्रुवारी १९४७ ला ख्रिस्तियान दियॉर यांनी बारीक कमर व प्रचंड घेराचे झगे दाखवले, तेव्हा लोक हरखले आणि कापडाच्या उधळपट्टीवर चिडलेही. जपानच्या इस्से मियाके यांनी १९९३ मध्ये बाजारात आणलेल्या चुण्यांच्या कपड्यांत क्रमच उलटा केला: कपडा आधी मोठ्या मापाचा शिवायचा आणि मग पॉलिएस्टरवर उष्णतेने कायमच्या चुण्या बसवायच्या. धुवायला सोपे, इस्त्री नको, प्रवासात चुरगळत नाहीत.

आपल्या बाजूने भानू अथैया यांचे काम पाहावे. त्यांचा जन्म १९२९ मध्ये कोल्हापुरात झाला, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले, आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले, जे भारतीय व्यक्तीला मिळालेले पहिले ऑस्कर होते. वेशभूषेत कपडा पात्राचे वय, जात, गरिबी आणि काळ सांगतो. तो चित्रपट आवाज बंद करून एकदा पाहा आणि फक्त कापडाकडे लक्ष ठेवा.

एक गणवेश, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सहा-सात महिन्यांनंतर एक पूर्ण प्रकल्प हाती घ्यावा, आणि सोलापुरात तो गणवेशाचा असावा असे माझे ठाम मत आहे. मुलांना गणवेश नीरस वाटतो. पण इथल्या कारखान्यांतून तो दूरदूरच्या राज्यांत जातो, तो घालणाऱ्याला निवडीचा अधिकार नसतो, आणि म्हणून त्यातली प्रत्येक चूक हजारो मुलांना वर्षभर सोसावी लागते. डिझायनरची जबाबदारी याहून मोठी कुठे असेल?

सायकलवरून शाळेत जाणारी, सहावीतली मुलगी डोळ्यांपुढे ठेवा. प्रथम तिच्याशी, तिच्या आईशी आणि शिवणाऱ्या कारागिराशी वेगवेगळे बोला. मुलगी सांगेल की सायकलवर स्कर्ट सांभाळावा लागतो, खिसा उथळ आहे, आणि पाळीच्या दिवसांत पॅड ठेवायला जागा नाही. आई सांगेल की फ्रॉक दोन वर्षे पुरला पाहिजे, पण खालची पट्टी उसवली की जुन्या घडीची रेघ दिसते. कारागीर सांगेल की खोल खिशाला वेळ लागतो. तिघेही खरे बोलत असतात, आणि डिझाइन या तिघांच्या मधल्या जागेत करायचे असते.

मग वीस छोटी रेखाटने करा, पाच मिनिटांत एक या वेगाने, आणि त्यांतली तीन निवडा. स्कर्टाऐवजी घेरदार पँट, पुढे जोडघडी असलेला स्कर्ट, की आत चड्डी जोडलेला स्कर्ट? कापड कोणते? पॉलिएस्टर-व्हिस्कोस टिकते आणि त्याची इस्त्री मोडत नाही, पण उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पॉलिएस्टरचे प्रमाण जास्त असलेल्या कापडात घाम अडकतो. सुती कापड हवेशीर असते, पण आटते आणि चुरगळते. वाढत्या अंगासाठी खाली दोन इंच माया ठेवायची असेल तर घडीची रेघ झाकायला त्या जागी सुरुवातीपासूनच रंगीत फीत लावता येईल का, याचा विचार करा. जिथे दोष दिसणार आहे तिथेच सजावट ठेवणे, ही मला डिझाइनमधली सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

नमुना शिवल्यावर तो त्या मुलीला दोन आठवडे घालायला द्या. तो धुतला जाऊ द्या, सायकलच्या साखळीत अडकू द्या, पावसात भिजू द्या. परत आल्यावर पहिल्या महिन्यात शिकलात तशी त्याची झीज वाचा आणि दुसरा नमुना करा.

शेवटी हिशेब मांडा, कारण हिशेबाविना केलेले डिझाइन कारखान्याच्या दारातून परत येते. कारखान्यात कापडाचे थर एकमेकांवर अंथरतात, वरच्या कागदावर सगळे भाग शक्य तितके जवळ मांडतात आणि यंत्राने एकदम कापतात. भागांची मांडणी सुधारून एका फ्रॉकमागे ५ सेंटिमीटर कापड वाचले, तर हजार फ्रॉकमागे ५० मीटर वाचते. खोल खिशाला दोन मिनिटे जास्त लागत असतील तर हजार नगांना दोन हजार मिनिटे, म्हणजे एका कारागिराचे आठ तासांचे चार दिवसांहून थोडे अधिक काम. आता वाचलेल्या ५० मीटर कापडाच्या किमतीत ही मजुरी बसते का ते पाहा. असा कागद समोर ठेवला की कारखानदार ऐकतात, हा माझा अनुभव आहे. कटिंग मास्तरांना मांडणी दाखवून त्यांचे मत जरूर घ्यावे. तुम्ही दोन तासांत शोधलेली जागा ते दोन मिनिटांत दाखवतील.

आकार लहान-मोठे करताना सगळा कागद सारख्या प्रमाणात मोठा करू नये. मूल उंचीने जितके वाढते तितका त्याचा गळा वाढत नाही, आणि खांदा व छाती यांची वाढही वेगळ्या गतीने होते. प्रत्येक जागेचा वाढीचा आकडा स्वतंत्र ठरवावा लागतो. त्यासाठी शेजारपाजारच्या निरनिराळ्या वयांच्या मुलांची मापे पालकांना विचारून घ्यावीत आणि तक्ता तयार करावा.

प्रवेशपरीक्षा आणि कामांचा संच

एवढे झाल्यावर औपचारिक शिक्षणाचा निर्णय घ्यावा. आयटीआयमधला शिवणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम हात पक्का करतो आणि लवकर कमावते करतो. त्याला कमी लेखू नये. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या निफ्टचा (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) डिझाइन पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे, आणि त्याच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेसोबत सृजनक्षमतेची चाचणी व नंतर, हाती दिलेल्या साहित्यातून वस्तू घडवण्याची सिच्युएशन टेस्ट असते. अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) १९६१ पासून डिझाइन शिकवत आहे. खर्च मोठा असतो, म्हणून शुल्क, शिष्यवृत्त्या आणि राखीव जागा यांची माहिती त्या त्या वर्षीच्या अधिकृत पुस्तिकेतूनच घ्यावी. खासगी संस्थेत नाव घालण्यापूर्वी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी शिवलेले कपडे हातात घेऊन आतून पाहावेत. आतली शिवण स्वच्छ नसेल तर भिंतीवरची चित्रे कितीही देखणी असली तरी पैसे भरू नयेत.

कामांच्या संचात अंतिम चित्रे थोडी आणि प्रक्रिया भरपूर असावी: निरीक्षणाच्या वहीची पाने, उसवलेल्या शर्टाचे कागदी भाग, धुण्यापूर्वीचे आणि धुतल्यानंतरचे कापडाचे चौकोन, मांजरपाटावर खडूने केलेल्या दुरुस्त्या, मांडणीचा आणि खर्चाचा कागद. गणवेशाचा पहिला, बिघडलेला नमुनाही त्यात ठेवावा, आणि त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी, जिच्यावर त्या मुलीने दोन आठवड्यांनंतर काय सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहिलेले असेल.